वाचकांचे प्रश्न : ट्रेंड कर्नाटकात शोधायचा की महाराष्ट्रात?

प्रश्न : बेळगावात आमचे मिठाईचे दुकान आहे. कुंदा ऑनलाइन विकायचा आहे, निम्मे गिऱ्हाईक कोल्हापूर-पुण्याचे. लोक काय शोधतात हे बघायला गूगल ट्रेंड्स उघडले, तर कधी आलेख रिकामा, कधी भलतीच माहिती. काय चुकते? (शहापूर, बेळगाव)

तुमची अडचण सीमाभागातल्या प्रत्येकाची आहे. ट्रेंड्स राज्याच्या हद्दीने चालते आणि आपली गिऱ्हाईके हद्दीच्या दोन्ही बाजूंना. म्हणून कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये निवडून वेगवेगळे बघा.

भलतीच माहिती येते ती शब्दामुळे. रोमन अक्षरांत नुसते ‘कुंदा’ टाकले की उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यातले कुंडा गाव त्यात मिसळते, कारण दोन्हींचे स्पेलिंग एकच. शहराचे नाव जोडलेच पाहिजे. तिथेही गुंता आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले, पण शोधणारे जुने रोमन स्पेलिंगही टाकतात, नवेही टाकतात. शिवाय देवनागरीतले ‘बेळगाव’ आणि कन्नड लिपीतले नाव आहेच. ट्रेंड्सला हे चार वेगळे शब्द वाटतात. एकाच चौकटीत चारही रूपे ‘कुंदा’सह लिहा आणि मध्ये अधिकचे चिन्ह (+) द्या, म्हणजे त्यांची बेरीज होऊन एकच रेघ येईल.

आलेख रिकामा म्हणजे शोध फारच थोडे. मुदत ३० दिवसांवरून ५ वर्षे करा. मागणी दरवर्षी कोणत्या महिन्यात चढते तेही त्यात दिसते, आणि खवा किती आणि कधी घ्यायचा हे ठरवायला तेच कामाचे. मग ‘वेब सर्च’च्या जागी ‘यूट्यूब सर्च’ निवडून पुन्हा बघा. पाककृती शोधणारे बरेचदा तिकडे असतात. ते विकत घेणारे नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवा.

आकडे वाचताना मोठी चूक होते. १०० म्हणजे शंभर लोक नव्हेत, निवडलेल्या मुदतीतला सर्वांत वरचा बिंदू. कर्नाटकाचा १०० आणि महाराष्ट्राचा १०० शेजारी ठेवून तुलना करू नका. ती करायची तर प्रदेश ‘भारत’ ठेवून खालचा राज्यवार नकाशा बघा. तोही त्या राज्यातल्या एकूण शोधांतला वाटा दाखवतो, माणसांची संख्या नाही. एखाद्या शब्दापुढे ‘ब्रेकआउट’ दिसले तर त्याचे शोध ५००० टक्क्यांहून जास्त वाढलेले असतात. बहुतेक वेळा आधी ते जवळजवळ शून्य होते, म्हणूनच टक्का एवढा फुगतो. त्या एका शब्दावर माल वाढवू नका.

प्रश्न : होमस्टेसाठी इन्स्टाग्रामवर बिझनेस खाते काढले. दुसऱ्यांच्या रीलवर चालणारी गाणी मला मिळतच नाहीत. (खानापूर)

बिझनेस खात्याला गाण्यांचा साठा मर्यादित मिळतो, कारण ती गाणी धंद्याच्या जाहिरातीसाठी परवाना घेतलेली नसतात. ‘क्रिएटर’ खाते केले की बरीच गाणी दिसू लागतात, पण परवान्याचा प्रश्न तसाच राहतो. आवाज बंद होऊ शकतो किंवा रील काढली जाऊ शकते. ऑडिओच्या नावाशेजारी वर जाणारा बाण असेल तर तो आवाज सध्या चढता आहे. त्यावरून रीलची लांबी आणि कापण्याची लय उचला, आवाज स्वतःचा द्या. अंगणात कोसळणारा खानापूरचा पाऊस दहा सेकंद नीट रेकॉर्ड केला तरी पुरे. तो ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून तुमच्या खात्याच्या नावाने दिसतो.

प्रश्न : यूट्यूबवरचे ‘ट्रेंडिंग’ पान सापडत नाही. (चिकोडी)

ते जुलै २०२५ मध्ये बंद झाले. त्याऐवजी यूट्यूब चार्ट्स आहे, पण तिथे प्रकारवार याद्या मिळतात, जसे की संगीत आणि पॉडकास्ट. शेती किंवा स्वयंपाक असा विषय हवा असेल तर तो शोधून फिल्टरमध्ये ‘या आठवड्यात’ निवडा. ज्या छोट्या चॅनेलच्या व्हिडिओला त्याच्या नेहमीच्या कितीतरी पट व्ह्यूज आहेत, तिथे काहीतरी नवे चालले आहे असे समजा.

प्रश्न : ज्या अ‍ॅपवर कविता टाकत होते ते बंद पडले, कविताही गेल्या. आता नवीन अ‍ॅपवर जावे का? (निपाणी)

जरूर जा, पण कवितेची मूळ प्रत आधी स्वतःकडे ठेवा. सेवा बंद होतातच: ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये, कू २०२४ मध्ये. नवीन अ‍ॅप घेताना प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’चा (अ‍ॅप तुमची कोणती माहिती घेते ते सांगणारा) भाग उघडा आणि शेवटचे अपडेट कधीचे आहे ते बघा. मग सेटिंगमध्ये ‘माहिती डाउनलोड करा’ असा पर्याय शोधा. तो नसेल तर तिथे फक्त नक्कल टाका. मॅस्टोडॉनसारख्या, अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या सोशल मीडिया सेवेत खाते दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते, तरी सोबत फॉलोअर येतात, जुने लेखन येत नाही. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरून माहिती उतरवताना ‘एचटीएमएल’ निवडा, म्हणजे ती साध्या ब्राउझरमध्ये वाचता येते. तयार झालेली फाइल लगेच उतरवून घ्या, कारण तिची लिंक थोडेच दिवस चालते.