वाळवंटातले घर आणि जुलैमधला एक मंगळवार

गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या तोंडांनी येत राहिला आहे. ‘मॅडम, यांची ॲरिझोनाला बदली होते आहे, मुले लहान आहेत, घर चॅंडलरला बघावे, गिल्बर्टला बघावे की ऑफिसजवळ उत्तर फिनिक्सला?’ इंटेल कंपनी चॅंडलरमध्ये 1980 पासून आहे आणि तैवानच्या टीएसएमसीने 2020 मध्ये फिनिक्सच्या उत्तरेला चिप बनवण्याचा कारखाना उभारण्याची घोषणा केली, त्यामुळे पुण्यातल्या अभियंत्यांच्या घरांत अमेरिकेतल्या फिनिक्स शहराभोवतीच्या या उपनगरांची नावे बाणेर-बावधनसारखी घेतली जाऊ लागली आहेत. तरीही हा प्रश्न घरांच्या दलालाऐवजी कोथरूडमध्ये बसलेल्या एका समुपदेशक बाईला का विचारला जातो, याचे मला आरंभी नवल वाटत असे. मानसी आणि आशिष यांच्याबरोबर झालेल्या सात बैठकींनंतर ते वाटेनासे झाले. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

पहिल्या बैठकीला मानसी लॅपटॉप घेऊनच आली. पडद्यावर एक्सेलचे पान होते, त्यात तीन वसाहती आणि 34 रकाने होते. शाळांची मानांकने, गुन्ह्यांचे प्रमाण, भारतीय किराण्याचे अंतर, एचओए म्हणजे घरमालकांच्या संघटनेची मासिक वर्गणी, मॅरिकोपातल्या महागणपती मंदिरापर्यंत लागणारा वेळ, असे सगळे त्यात होते आणि प्रत्येक रकान्याला गुण दिलेले होते. बेरीज केली की तिन्ही वसाहतींमध्ये जेमतेम दोन-तीन गुणांचा फरक उरत असे, मग ती एखादा नवा रकाना वाढवत असे. पाच महिने हेच चालले होते. थोरली ओवी अकरा वर्षांची, धाकटा अर्णव चार वर्षांचा, आणि रुजू होण्याची तारीख अडीच महिन्यांवर आलेली.

आशिष मूळचा चंद्रपूरचा. त्याला या साऱ्याचे हसू येत होते. ‘उन्हाची भीती कुणाला घालता? आमच्याकडे मे महिन्यात 46 अंशांत लग्ने लागतात,’ असे तो म्हणाला. विदर्भातून जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडून मी हे वाक्य ऐकलेले आहे आणि दर वेळी मला तेच उत्तर द्यावे लागते. चंद्रपूरचा उन्हाळा मृगाच्या पावसाने मोडतो, तर फिनिक्सचा मे महिन्यात सुरू झालेला उन्हाळा सप्टेंबर संपेपर्यंत हटत नाही. 2023 मध्ये तिथे 30 जूनपासून सलग 31 दिवस कमाल तापमान 110 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक, म्हणजे 43 सेल्सियसच्या वर होते आणि 19 जुलैच्या रात्री तापमान 97 फॅरनहाइटच्या, म्हणजे 36 सेल्सियसच्या खाली उतरलेच नाही. शिवाय चंद्रपूरच्या उन्हाळ्याला गच्ची असते, खसच्या ताट्यांचा कूलर असतो, संध्याकाळी अंगणात पाणी मारले जाते आणि शेजारच्या मावशी खुर्ची टाकून बसतात. तिकडचे घर मात्र खिडक्या बंद करून चार-पाच महिने एसीवर चालते. माणसाला ऊन सोसते, पण बंद दारे सोसतीलच असे नाही, हे आशिषला सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विचारात. त्यामुळे समोरच्याच्या बोलण्यातला ‘च’ माझ्या कानाला लगेच टोचतो. ‘जागा योग्यच निवडली गेली पाहिजे, चूक होताच कामा नये, झाली तर मुलांचे नुकसान होणारच,’ असे मानसी बोलत होती. एवढे सगळे ‘च’ एका वाक्यात आले की रकाने 34 असोत की 340, झोप येणार नाही, कारण रकाने माहिती देतात आणि तिला हवी होती हमी. दुसऱ्या बैठकीत मी हे तिला बऱ्याच तन्मयतेने समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘मॅडम, ते पटले. पण तिथले पाणी खरेच संपत चालले आहे ना?’

तिने मला बरोबर पकडले होते. खऱ्या प्रश्नाला मनातला विचार समजून त्यावर उपचार करायला बसणे ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे आणि त्या दिवशी मी तेच करत होते. त्यानंतर आम्ही दोन कागद घेतले. ज्या भीतीचे उत्तर एखादा फोन केल्यावर किंवा कागदपत्र पाहिल्यावर मिळू शकते, ती एका कागदावर लिहायची, आणि जिचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही, ती दुसऱ्यावर. हे विभाजन आता मी अशा प्रत्येक कुटुंबाकडून करून घेते आणि त्याचे श्रेय मानसीच्या त्या एका प्रश्नाला देते.

पहिल्या कागदावर अर्थातच पाणी आले. फिनिक्समध्ये वर्षाला जेमतेम 180 मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणले जाते. या भागात नवी वसाहत उभारताना शंभर वर्षे पुरेल एवढ्या पाण्याची खात्री दाखवावी लागते, तो नियम 1980 च्या भूजल कायद्यातून आलेला आहे. चॅंडलर, गिल्बर्ट आणि फिनिक्स या शहरांकडे ती मान्यता आहे. 2023 च्या जूनमध्ये राज्याने नव्या परवानग्यांना लगाम घातला, तो केवळ भूजलावर विसंबून बाहेरच्या बाजूला वाढणाऱ्या वसाहतींना. त्याच वर्षाच्या 1 जानेवारीला स्कॉट्सडेल शहराने आपल्या हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्डे फूटहिल्स भागाला टँकरने जाणारे पाणी बंद केले होते आणि तिथल्या शेकडो घरांची पंचाईत झाली होती. तेव्हा ‘वाळवंटात पाणी आहे का’ हा प्रश्न सोडून, घर शहराच्या हद्दीत आहे का आणि नळाचे बिल कोणाकडून येते, एवढेच दोन प्रश्न विचारावेत. पत्त्यात शहराचे नाव असले म्हणजे घर हद्दीत असतेच असे नाही.

त्याच कागदावरचे बाकीचे प्रश्न लवकर सुटले. शाळा जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळे ‘मुलांची सुट्टी संपली की जाऊ’ हा पुणेरी हिशेब तिथे चालत नाही. जागा शिल्लक असेल तर राहत्या भागाबाहेरच्या सरकारी शाळेतही प्रवेश मिळू शकतो, म्हणून केवळ शाळेच्या मानांकनासाठी महागडी गल्ली निवडण्याची सक्ती नाही. सर्वांत काटेकोर मी पोहण्याच्या तलावाबाबत असते. घरामागचा निळा तलाव छायाचित्रात मोहक दिसतो, पण चार वर्षांचे मूल घरात असेल तर चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक असल्याखेरीज ते घर पाहायलाही जाऊ नये. त्या मातीतल्या एका बुरशीमुळे फुप्फुसाला होणारा ‘व्हॅली फीव्हर’ हा संसर्गही खरा आहे, आणि आशिषच्या आईला दमा असल्याने त्यांना न्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक होते. आजी-आजोबांनी तिकडे ऑक्टोबर ते मार्च या काळात जावे, हेही मी आवर्जून सांगते. न्यू जर्सीला जाणाऱ्यांना आपण जे सांगतो, त्याच्या बरोबर उलट.

दुसरा कागद मात्र जवळजवळ कोराच राहिला. त्यावर मानसीने एवढेच लिहिले होते, ‘मला तिथे जमेल का?’

चौथ्या बैठकीच्या वेळी मी त्यांना एक गृहपाठ दिला. जुलैमधला एक मंगळवार घ्या आणि त्या दिवशी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोण कुठे असेल ते प्रत्येकाने स्वतंत्र लिहून आणा, एकमेकांना न दाखवता. मंगळवार अशासाठी की शनिवार-रविवार सगळीकडे सारखाच गोड असतो. ओवीने हट्ट धरला, म्हणून तिलाही एक कागद मिळाला.

आशिषचा दिवस पाच ओळींत संपला होता. सहाला निघणे, दिवसभर ऑफिस, सहाला परत, जेवण, भारतात फोन. ओवीच्या कागदावर असे होते: ‘4 वाजता – आई, बाहेर जाऊ? नाही. 5 वाजता – आई, बाहेर जाऊ? नाही. 6 वाजता – आई, बाहेर जाऊ? नाही. 8 वाजता – पोहायला जाऊ? बाबा दमलाय.’ आम्ही तिघेही मनापासून हसलो. मग मानसीने आपला कागद वाचायला घेतला. ओवीला शाळेत सोडणे, अर्णवला बालवाडीत सोडणे, किराणा, अर्णवला आणणे, ओवीला आणणे, ओवीला नृत्याच्या वर्गाला नेणे. वाचता वाचता ती थांबली. कागदाची कडा ती बोटाने दुमडत होती आणि पुन्हा सरळ करत होती.

‘यात सगळीकडे मी गाडी चालवते आहे,’ ती म्हणाली, ‘आणि मला गाडी चालवताच येत नाही.’

आशिष म्हणाला, ‘अगं, मग शिकशील की. त्यात काय?’

‘हेच. तू हेच म्हणणार, म्हणून पाच महिने बोलले नाही.’

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही, आणि इतक्या वर्षांच्या कामातून मी काही कमावले असेल तर अशा वेळी गप्प राहण्याची ताकद, असे मला वाटते. मग मानसीने सांगितले की नऊ वर्षांपूर्वी कर्वे रस्त्यावर मोटार शिकताना तिच्याकडून एका सायकलवाल्याला धक्का लागला होता. त्याला फारसे लागले नव्हते, पण त्यानंतर ती चाकामागे बसली नाही. पुण्यात तिची ॲक्टिव्हा होती, रिक्षा होती, कोपऱ्यावर वाणी होता. आपल्याला गाडी येत नाही हे तिला आठवण्याची वेळच येत नव्हती. फिनिक्सची लाइट रेल म्हणजे शहरी रेल्वे तिच्या यादीतल्या तिन्ही वसाहतींपर्यंत जात नाही, हे तिने शोधून ठेवले होते, पण त्याचा रकाना केला नव्हता. चॅंडलरकडे तिचे मन ओढत होते ते शाळांसाठी म्हणून, असे ती सांगत आली होती. तिथे तिची मावसबहीण राहते आणि ती नेईल-आणील, ही खरी गोष्ट तिने स्वतःपाशीही उच्चारलेली नव्हती.

चौतीस रकाने तिने जगाविषयी केले होते, स्वतःविषयी एकही नाही. तेव्हापासून अशी लांबलचक यादी कोणी माझ्यापुढे ठेवली की मी तीत काय लिहिले आहे ते नंतर वाचते, कोणाचा दिवस त्यात नाही ते आधी शोधते. बहुधा तो दिवस घरी राहणाऱ्या माणसाचा असतो, आणि वाळवंटी उपनगराची निवड त्याच माणसाला सर्वांत जास्त जगावी लागते. ऑफिसला जाणारा सगळीकडे ऑफिसलाच जातो.

‘मला तिथे जमेल का’ या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. मी एवढेच विचारले की नाही जमले, तर परत फिरण्याची किंमत किती असेल. त्यावर आशिष उत्साहाने हिशेबाला लागला, कारण हा त्याचा प्रांत होता. उतरल्या-उतरल्या घर विकत घेतले तर चूक महाग पडते, वर्षभराच्या भाड्याने घेतले तर ती परवडण्याजोगी होते. भाड्याचा करार करताना त्यात एक संपूर्ण उन्हाळा आला पाहिजे, हा माझा आग्रह असतो. जानेवारीत पाहिलेल्या त्या गावावर कोणीही भाळते. हवा महाबळेश्वरची, आकाश निळेभोर आणि अंगणात सग्वारो निवडुंग. जुलैमध्येही जे घर हवेसे वाटेल त्याचाच विचार करावा, आणि घर पाहायला दुपारी चार वाजता जावे. मागच्या भाडेकरूचे जुलै-ऑगस्टचे विजेचे बिल मागावे. चालत दहा मिनिटांत काय आहे, ते सकाळी सहाला स्वतः चालून पाहावे.

मनातून माझा कल उत्तर फिनिक्समधल्या, ऑफिसजवळच्या नॉर्टेरा परिसराकडे होता, हे इथे कबूल करायला हरकत नाही. बाप रोज दोन तास रस्त्यावर राहू नये असे मला वाटत होते. त्यांनी मात्र चॅंडलर निवडले, मावसबहिणीपासून दोन गल्ल्यांवर, ग्रंथालयाला लागून असलेल्या भाड्याच्या घरात. एका बाजूचा 70 किलोमीटरचा प्रवास एक वर्ष आपण करू, असे आशिष स्वतः म्हणाला आणि त्या बदल्यात मानसीने गाडी शिकण्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली. मी काही सुचवले असते तर हा सौदा झाला नसता, एवढे समाधान मी स्वतःला देते.

तिकडे गेल्यावर एक बैठक ऑनलाइन झाली. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाही, त्यामुळे पुण्याशी फरक बारा महिने साडेबारा तासांचाच राहतो आणि वेळ ठरवणे सोपे जाते. तिथे सकाळचे सात वाजले होते. मानसी गाडीत बसून बोलत होती, ग्रंथालयाच्या वाहनतळावर, एसी सुरू ठेवून. अर्णव मागच्या आसनावर काहीतरी खात होता. महामार्गावर अजून जात नाही, असे तिने सांगितले, पण आतल्या रस्त्यांनी शाळा, किराणा आणि ग्रंथालय होते. ओवीला संध्याकाळी साडेसातनंतर खेळायला तीन मुली मिळाल्या होत्या. आशिष रोज दमून येत होता आणि त्यावरून दोनदा भांडण झाले होते. घराचा करार मे महिन्यात संपतो आणि पुढे कुठे राहायचे ते अजून ठरलेले नाही. एक्सेलच्या पानाचे काय झाले, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की ते आहे, पण जुलैपासून उघडलेले नाही.