माशी विसरली, की तिला भूकच नव्हती?

प्रश्न : मी एमएस्सी झूलॉजी करतेय आणि सेमिनारला मधमाशीची मेमरी हा विषय घेतलाय. जे पेपर वाचले त्यात पद्धत तीच दिसते, वास आणि साखरपाणी जोडीने द्यायचं, एखादं एन्झाइम बंद पाडणारं औषध द्यायचं, मग एक-दोन दिवसांनी नुसता वास द्यायचा आणि माशीने सोंड काढली नाही की लॉन्ग टर्म मेमरी गेली म्हणायचं. पण सोंड न काढायला दुसरी कारणं नसतील का? औषधाने ती आजारी पडली असेल, पोट भरलेलं असेल, वासच येत नसेल. मग मेमरीच गेली हे कशावरून ठरवतात?

उत्तर : शंका एकदम बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रयोगांची निम्मी मेहनत याच शंकेचं तोंड बंद करण्यात जाते. आधी टेबलावर काय चालतं ते बघा. माशीला बर्फावर ठेवून गार करतात, हालचाल थांबली की छोट्या नळीत चिकटपट्टीने बसवतात, फक्त डोकं बाहेर. थोडा वेळ उपाशी ठेवतात, कारण पोट भरलेली माशी काही शिकायला तयार नसते. मग तिच्यावर काही सेकंद वासाची हवा सोडायची आणि वास चालू असतानाच काडीने मिशांना साखरपाणी लावायचं. सोंड आपोआप बाहेर येते, तिला एक घोट द्यायचा. असं तीनदा, मध्ये काही मिनिटं सोडून. यानंतर बहुतेक माश्या नुसत्या वासाला सोंड काढतात आणि ही आठवण तीन दिवस आणि त्याहूनही जास्त टिकते.

आता तुमच्या शंकेकडे येऊ. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे टेस्ट संपली की प्रत्येक माशीच्या मिशांना साखरपाणी लावून बघायचं. जिने त्यालाही सोंड काढली नाही ती माशी हिशोबातून बाद, भूक नसेल किंवा आजारी असेल, कारण काहीही असो. दुसरं म्हणजे औषध ज्यात विरघळवलंय तो नुसता द्राव दिलेल्या माश्यांचा वेगळा गट हवा, कारण टोचणं हाच माशीला मोठा धक्का असतो. तिसरा गट असा, ज्याला वास आणि साखर दोन्ही मिळतात पण वेगवेगळ्या वेळी, जोडी लागतच नाही. आणि मेलेल्या माश्या मोजायच्याच. औषधाच्या गटात तीन दिवसांत जास्त माश्या मेल्या असतील तर जे उरलंय ते काटक माश्यांचं निवडक टोळकं असतं आणि त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला माझ्या मते फार किंमत नाही.

पण खरा पुरावा वेळेत असतो. समजा औषध दिलेल्या माश्या ट्रेनिंग नीट घेतात, तासाभराने वासाला बरोबर प्रतिसाद देतात आणि दुसऱ्या दिवशी मात्र गडबडतात, म्हणजे नाक शाबूत होतं, शिकणंही झालं होतं, फक्त टिकवणं जमलं नाही. त्याला जोड म्हणून तेच औषध काही माश्यांना ट्रेनिंगनंतर बऱ्याच तासांनी, टेस्टच्या जरा आधी द्यायचं. तेव्हा काहीच फरक पडला नाही तर औषधाने सोंड लुळी पडते वगैरे शंका संपली. एक मात्र सांभाळा, तासाची, दिवसाची आणि तीन दिवसांची टेस्ट एकाच माशीवर करायची नाही, कारण साखर न देता वास दिला की तेही तिच्यासाठी एक शिक्षणच होतं. प्रत्येक वेळेला वेगळा गट.

आणि तीन दिवस का, तर मधमाशीत एक-दोन दिवसांच्या आठवणीला नवीन प्रोटीन बनावं लागतं, पण तीन दिवसांच्या आठवणीला जीनवरून नवीन आरएनएही उतरवावा लागतो. फक्त चोवीस तासांनी बघून थांबलात तर एखाद्या एन्झाइमचा परिणाम हातातून निसटू शकतो.

मला यातला सर्वात आवडलेला निकाल डीएनएवर मिथाइलचे (एका छोट्या रासायनिक गटाचे) ठिपके बसवणाऱ्या एन्झाइमचा आहे. २०१२ साली आलेल्या अभ्यासात ते एन्झाइम दाबल्यावर माश्या शिकवलेल्या वासाला प्रतिसाद द्यायच्या, म्हणजे वरवर बघितलं तर आठवण ठीकच. पण त्यांना कधी न दिलेला नवा वास दिला तर त्यालाही जास्त सोंडा बाहेर! वास म्हणजे साखर एवढं लक्षात राहिलं, कुठला वास ते पुसट झालं. टेस्टमध्ये नवा वास ठेवलाच नसता तर औषधाचा काही परिणाम नाही असं लिहून मोकळे झाले असते. तुमच्या सेमिनारमध्ये एवढा एक ग्राफ दाखवलात तरी पुरे.

प्रश्न : पण औषध नेमकं त्याच एन्झाइमला लागलं हे कसं कळतं? बाकी कशाला लागलं असेल तर?

उत्तर : लागतंच, थोडंफार. म्हणून एकाच औषधावर विसंबत नाहीत, रचनेने वेगळी पण तेच एन्झाइम अडवणारी दोन औषधं वापरतात. नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारा एक वायू, तो बनवणाऱ्या एन्झाइमसाठी तर छान सोय आहे, एल-नेम हे औषध आणि त्याचं आरशातलं रूप डी-नेम. दोघांचे अणू तेच, पण डी-नेम त्या एन्झाइमला जवळपास अडवतच नाही. तेव्हा एल-नेमने आठवण गेली आणि डी-नेमने राहिली तर संशय बराच कमी होतो. याशिवाय आरएनएआय, म्हणजे जीनवरून उतरलेला आरएनए नष्ट करायची पद्धत, वापरून तो जीनच दाबून बघता येतो, आणि औषधानंतर मेंदूतून नमुना काढून एन्झाइमचं काम खरंच कमी झालं का हे मोजायलाच हवं, जे दुर्दैवाने सगळे करत नाहीत.

प्रश्न : तीन वेळा का शिकवायचं? एकदा नाही चालत?

उत्तर : एकदा शिकवून जी आठवण बनते ती बहुतेक लवकर विरते, आणि जी बनलीच नाही ती औषधाने गेली असं कसं म्हणणार? नुसत्या वेळा मोजूनही भागत नाही, मधली विश्रांती लागते. १९९४ मध्ये फळमाशीवर दाखवलं गेलं की दहा सेशन १५ मिनिटांच्या अंतराने दिले तर आठवण आठवडाभर टिकते, तेच दहा सलग दिले तर काही दिवसांत ओसरते.

रातकिड्यांवर जपानमध्ये मिझुनामी यांच्या गटाने हे उलट बाजूनेही दाखवलं. तहानलेल्या रातकिड्याला पेपरमिंट किंवा व्हॅनिलाच्या वासाबरोबर पाणी द्यायचं. अनेकदा शिकवूनही आधी एल-नेम टोचलं असेल तर दुसऱ्या दिवशीची आठवण गायब, ट्रेनिंगनंतर लगेचची मात्र शाबूत. मग त्यांनी एकदाच शिकवलेल्या रातकिड्यांत सीजीएमपी, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडनंतर पेशीत वाढणारा रेणू, त्याची नक्कल करणारं रसायन टोचलं, तर एकाच ट्रेनिंगवर लॉन्ग टर्म मेमरी तयार झाली. बंद केलं की आठवण जाते आणि बाहेरून दिलं की येते, असं दोन्हीकडून दिसलं की मग त्या एन्झाइमचं नाव घ्यायला हरकत नाही.