रोममधली चर्च बघायला जातोयस ना, मग हे वाच

अरे तीन दिवसात वीस चर्च असला प्लॅन अजिबात करू नकोस, दुसऱ्या दिवशीच सगळी सारखी दिसायला लागतात. रोज दोन-तीन बास. आणि सकाळी लवकर निघ, कारण दुपारी बरीचशी बंद असतात, साधारण साडेबारा ते तीन-चार. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे कोलोसियमजवळचं सान क्लेमेंते. वर १२ व्या शतकातलं चर्च, तिकीट काढून खाली उतरलास की ४ थ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली रोमन काळातली घरं नि मिथ्र देवाचं छोटंसं देऊळ, तिथे भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो, दोन मिनिटं गप्प उभा राहून ऐकच तो.

सुटी नाणी खिशात ठेव हं. सान लुईजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रं अंधारात असतात, डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने खटकन बंद. पँथिऑनला, म्हणजे जुनं रोमन देऊळ जे आता चर्च आहे तिथे, पाऊस असला तरी जा, घुमटाला जवळपास ९ मीटरचं उघडं भोक आहे, पाणी सरळ आत पडतं आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातं.