मे महिन्यात सोलापुरात पहिलं बाळंतपण: बॅगेआधी फाइल

तू विचारलंस, पहिलीच वेळ आहे, पुण्याहून माहेरी सोलापूरला येतेय, मेच्या मध्यावरची तारीख आहे, तर दवाखान्यात नेण्याच्या बॅगेत काय काय भरू? बॅगेचं सांगतेच. पण माझी स्वतःची दोन, मग लेकीचं आणि सुनेचं, अशी चार बाळंतपणं मी या गावात जवळून पाहिली. बॅगेत काही राहिलं म्हणून जीव टांगणीला लागला असं एकदाही झालं नाही. टॉवेल राहिला तर अर्ध्या तासात घरून येतो. कागद राहिले की हाल होतात.

लेकीची सगळी तपासणी पुण्यात झाली होती. ती इकडे आली तेव्हा फाइल तिकडेच राहिली, जावई म्हणाले पुढच्या खेपेला आणतो. छत्तिसाव्या आठवड्यात रात्री दीडला तिचं पाणी गेलं. लेकीचा रक्तगट ओ निगेटिव्ह. सिस्टरनी विचारलं, अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं अँटी-डीचं इंजेक्शन झालं होतं का, कधी झालं? आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तर आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये, म्हणून ते देतात. लेक कळांनी वाकलेली, तिला आठवेना. जावयांचा फोन लागायला तीन वाजले. त्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवले, त्यातल्या एकाचा वरचा भाग कापलेला, नावच दिसत नव्हतं. मी त्या कॉरिडॉरमध्ये मोबाइल डोळ्यांजवळ धरून तारीख शोधत उभी होते, ते मला अजून आठवतं. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण ती रात्र मी विसरणार नाही.

म्हणून तू येतानाच सगळी फाइल हातात घेऊन ये, सामानात टाकू नकोस. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही-कावीळ यांचे रिपोर्ट आणि प्रत्येक सोनोग्राफी, वार (प्लासेंटा) कुठे आहे ते लिहिलेली तर नक्कीच. चालू गोळ्यांची चिठ्ठीही हवी. छत्तिसावा आठवडा लागायच्या आत ये, आणि आल्या आल्या इथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून नाव नोंदव. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा तोंड दाखवायची पाळी आणू नकोस. गट निगेटिव्ह असेल तर रक्त द्यायला येतील अशी त्याच गटाची दोन माणसं आत्ताच हेरून ठेवा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तुला 72 तासांच्या आत अँटी-डी मिळायला हवं, हे घरातल्या आणखी एकाला माहीत असू दे.

अजून एक, माहेरी हमखास होणारी चूक. माहेरचे सगळे तुला जुन्या नावानं ओळखतात, आणि घाईत बाबा नाव नोंदवताना माहेरचं आडनाव सांगून मोकळे होतात. माझ्या सुनेच्या वेळी तिच्या वडिलांचं हेच झालं. दवाखान्याच्या कागदावर जे नाव, तेच पुढे जन्मदाखल्यात उतरतं. तुझ्या आणि नवऱ्याच्या आधारकार्डावर जसं आहे तसंच नाव लिहून घ्या, आणि डिस्चार्जच्या आधी स्पेलिंग स्वतः वाचून बघा. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यातून ती महापालिकेकडे जाते, पण गेली की नाही ते विचारायचं.

खर्चाचं थोडक्यात. खाजगीत जाणार असाल तर नॉर्मलचे किती, सिझरचे किती, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर सोय तिथेच आहे का, हे आधी स्पष्ट विचारा. विमा असेल तर बाळंतपण त्यात बसतं का, तेही बघा. आपलं सिव्हिल आहेच, आणि सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत असतं. अडीअडचणीला 108 ला फोन करा, ती गाडीही मोफत आहे. आणि रात्री दोनला गाडी कोण चालवणार, हे नावानिशी ठरवा. "बघू तेव्हा" असं नको.

कधी निघायचं? कळा पाच-पाच मिनिटांनी, दर वेळी मिनिटभर टिकणाऱ्या, आणि तासभर तशाच चालू राहिल्या की निघ. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघ, पाण्याचा रंग हिरवट दिसला तर दवाखान्यात पोहोचताच ते सांग. अंगावर लाल रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळ होऊ देऊ नकोस. डाळिंबाचा रस पिऊन बघ, जरा पडून बघ, असं कोणी म्हणेल. ऐकू नकोस.

आता बॅग. पुढून बटणांचे सुती गाऊन तीन-चार, गडद रंगाचे. बाळंतिणीचे मोठे पॅड, सैल चड्ड्या, चप्पल, पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर. बाळाला झबली, लंगोट, टोपडं आणि भरपूर दुपटी. आईची जुनी सुती साडी फाडून, धुऊन, उन्हात वाळवून केलेल्या दुपट्यांसारखं मऊ दुसरं काही नाही. सोलापूरचे टॉवेल आपला अभिमान खरा, पण नवाकोरा टॉवेल बाळाला लावू नकोस. दोन-तीनदा धुऊन खळ गेली की मगच. आणि हे सगळं आठवड्याभर आधी धुऊन ठेव. आपल्या नळाला रोज पाणी नसतं, नेमकं त्या दिवशी टाकीत खडखडाट असायचा.

लोकरीचं काही घेऊ नकोस. मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, तरी बायका बाळाला स्वेटर, कुंची, वर दुलई असं बांधतात. माझा नातू तिसऱ्या दिवशी तापला, सगळे घाबरलो. डॉक्टरांनी तपासलं, दोन दुपटी सोडली, दूध जास्त वेळा पाजायला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत अंग गार झालं. तू मात्र ताप दिसला की उष्म्याचा असेल म्हणून थांबू नकोस, आधी दाखव.

पहिला चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट पिवळसर दूध, बाळाला द्यायचाच, शक्यतो तासाभरात. मध, गुळाचं पाणी, घुटी काही नको. आमच्याकडे आत्याबाई मधाचं बोट घेऊन आल्या होत्या. मी त्यांना नमस्कार केला आणि बोट बाजूला केलं. हे काम तुला त्या वेळी जमणार नाही, ते आईवर सोपव, आणि आत्ताच सांग. पहिल्या दिवशीच्या लसी, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बी, दिल्याची नोंद कार्डावर आहे का ते नवऱ्याला बघायला लाव.

डिस्चार्जला कागद, बिल, औषधं करता करता हमखास बारा वाजतात. त्या उन्हात बाळाला घेऊन निघू नका. पाचनंतर निघा, आणि एकानं आधी खाली जाऊन गाडी सावलीत लावून आतून गार करून ठेवा.