जेन्शियन पिवळी पडली? खताची बाटली बाजूला ठेवा, आधी पाणी तपासा

प्रश्न : परसबागेतल्या निळ्या जेन्शियनची (फुलझाड) शेंड्याकडची पाने पिवळी पडत आहेत. दुकानदाराने 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले खत) आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी सांगितली. दोनदा केली, फरक नाही. मात्रा वाढवू का?

उत्तर : नाही. तिसरी फवारणी करूच नका. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. लोह बहुधा मातीत असते, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असती तर नत्राकडे पाहिले असते. माती ओली असून अख्खे झाड मलूल असेल तर मूळकूज समजा. तिथे खत घालणे म्हणजे झाड लवकर मारणे.

जात कोणती ते तुम्ही कळवलेले नाही, आणि निम्मा घोळ तिथेच असतो. शरदात फुलणारी सायनो-ऑर्नाटा चुना अजिबात सोसत नाही, तिला मातीचा सामू (पीएच) 5 ते 6 लागतो. अकॉलिस आणि सेप्टेमफिडा चुना चालवून घेतात. रोप घेताना पूर्ण नाव विचारा. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर घेऊ नका.

चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर मोकळा चुना आहे. मग 'गंधक टाका' असे सांगितले जाईल. आधी हिशेब करा. 1 किलो गंधक साधारण 3 किलो चुनखडी संपवते. एक चौरस मीटर वाफ्याच्या वरच्या 20 सेंटिमीटर थरात अडीचशे किलोच्या आसपास माती असते. चुनखडी 2 टक्के धरली तरी 5 किलो झाली, म्हणजे गंधक दीड किलोच्या वर हवे. शिवाय जिवाणूंनी त्याचे आम्ल करायला महिने जातात. चिमूटभर टाकून उपयोग नाही आणि ओंजळीने टाकून मुळे जळतात. असली माती सुधारत बसू नका, सायनो-ऑर्नाटा कुंडीत घ्या. दोन भाग पूर्ण कुजलेले पानांचे खत, एक भाग बिनचुन्याची पोयट्याची माती, एक भाग भरड वाळू. वाळूवरही व्हिनेगर टाकून पाहा. शिंपल्यांचा चुरा असला तर केलेले सगळे वाया.

आता पाणी. कुंडी बदलूनही पाने पुन्हा पिवळी होतात ती बोअरच्या जड पाण्याने. पाण्याची क्षारता लिटरला 300 मिलिग्रॅम असेल आणि रोज अर्धा लिटर घातले, तर 120 दिवसांत 18 ग्रॅम चुनखडी त्याच कुंडीत साठू शकते. पावसाचे पाणी साठवा आणि तेच द्या. नव्या सिमेंटच्या टाकीत मात्र साठवू नका, सिमेंटमधूनही चुनाच उतरतो.

फारच पिवळे असेल तर चिलेटयुक्त लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले लोह) एकदाच, डब्यावरच्या निम्म्या मात्रेने, ओल्या मातीत, संध्याकाळी. त्यातला ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो. दुकानदार पहिला देतो, काम दुसऱ्याचे असते. नंतर तीन आठवडे हात आवरा आणि फक्त नवी पाने पाहा, जुनी हिरवी होतीलच असे नाही. पुन्हा सांगतो, मात्रा वाढवून काहीही लवकर होत नाही.

प्रश्न : अकॉलिसचा गालिचा छान पसरला, फूल एकही नाही. फुलांसाठी टॉनिक कोणते द्यावे?

उत्तर : कोणतेच नको. भरपूर पाने आणि फूल नाही, याचा अर्थ बहुतेकदा नत्र जास्त किंवा ऊन कमी. खत बंद करा, उघड्या उन्हात ठेवा, रोपाभोवतीची माती तळव्याने घट्ट दाबा आणि दरवर्षी जागा बदलू नका. ही जात मुळात लहरी आहे. सगळे नीट करूनही काही रोपे फुलत नाहीत. हिवाळा नावापुरताच असेल तिथे हिच्या नादी लागू नये. नवख्याने सेप्टेमफिडा लावावी. तिचे सोटमूळ खोल जाते, म्हणून लहानपणीच कायमच्या जागी लावा.

प्रश्न : बी फ्रीजमध्ये ठेवूनही उगवले नाही.

उत्तर : कोरडे पाकीट ठेवले असणार. थंडी ओल्या बियाला लागते. ताजे बी ओल्या, बिनखताच्या मिश्रणावर नुसते भुरभुरा, वर माती टाकू नका, कारण त्याला उजेड हवा. 4 ते 5 अंशांवर 6 ते 8 आठवडे ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मग सावलीत, 15 अंशांच्या आसपास. जिबरेलिक आम्लाने (वाढीचे संप्रेरक) बियाची सुप्तावस्था मोडते हे खरे, पण मात्रा चुकली की रोपे लांबट होऊन कोलमडतात. घरी त्या फंदात पडू नका.

बाकीचे थोडक्यात. सायनो-ऑर्नाटाचे गड्डे दर दोन-तीन वर्षांनी फोडा, तेही वसंताच्या सुरुवातीला कोंब दिसू लागताच. फुलावर असताना कधीच नाही. गोगलगायी रात्री बॅटरीने वेचा. अनुदानाचे विचारले आहे. चार कुंड्यांसाठी त्याच्या मागे लागू नका. औषधासाठी पिवळ्या फुलांची जेन्शियन, म्हणजे ल्युटिया, रानातून उपटण्याचा बेत सोडा. तिच्यासारखीच दिसणारी व्हेराट्रम ही वनस्पती विषारी आहे. ल्युटियाची पाने समोरासमोर जोडीने येतात, व्हेराट्रमची एकाआड एक.