कॉलेज पूलमधून मिळालं म्हणून डिग्री दुय्यम होत नाही

ताई, लेकीने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला अर्ज केला, त्यांनी तिला विंटर पूलमध्ये टाकलं (म्हणजे आपल्याकडे जागा नसली तर चांगला अर्ज बाकीच्या कॉलेजांपुढे ठेवतात तो), जानेवारीत ऑफर आली ती गर्टन कॉलेजची, आणि आता घरात 'म्हणजे दुसऱ्या यादीत नंबर लागला का' चालू आहे. नाही हो! केंब्रिजला नंबर लागलाय, आधी पेढे वाटा.

हा घोळ होतो कारण आपल्याकडे शिकवतं कॉलेज आणि विद्यापीठ पेपर काढून मार्कशीट देतं, त्यामुळे कॉलेजच्या नावाला भाव. तिथे लेक्चर, लॅब, परीक्षा, डिग्री सगळं विद्यापीठाचं, सगळ्या कॉलेजांतली त्या विषयाची पोरं एकाच हॉलमध्ये बसतात. कॉलेजकडे काय, तर अ‍ॅडमिशन, राहणं, जेवण, अडीअडचणीला ट्यूटर, आणि मुख्य म्हणजे सुपरव्हिजन. दोन-तीन पोरं, समोर एक शिकवणारा, तासभर, तुम्ही सोडवलेली शीट त्याच्या हातात. मागचा बाक नाहीच, लपणार कुठे! मी पहिल्या टर्मला उत्तर बरोबर आणून खुशीत बसलो होतो, तर म्हणे ही तिसरी पायरी का चालते ते सांग, आणि आपली बोलती बंद. टर्म आठच आठवड्यांची, त्यामुळे एक आठवडा मागे पडलात की धावाधाव. आणि हे सुपरव्हायझर बरेचदा कॉलेजाबाहेरचेच असतात, म्हणजे ट्रिनिटीच्या पोरांना शिकवणारा गर्टनच्या पोरांनाही शिकवत असू शकतो.

नावाचंच घेऊन बसायचं तर आपले जयंत नारळीकर बघा. ते फिट्झविलियम हाऊसचे, ज्याला कॉलेजचा दर्जाच मिळाला 1966 मध्ये, आणि हे 1959 मध्ये तिथून सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले! (रँग्लर परांजपे सेंट जॉन्सचे, 1899, ते जुनं आणि मोठं कॉलेज, पण पेपर तेच.)

फरक पडतो तो राहण्यात. ट्रिनिटीकडे पैसा रग्गड, गर्टन गावापासून चारेक किलोमीटर लांब. 1869 मध्ये मुलींसाठी सुरू झालेलं, मुद्दाम लांब बांधलेलं. सायकल चांगली घ्या, रेनकोट त्याहून चांगला घ्या, नोव्हेंबरातला तो पाऊस आणि वारा मला अजून आठवतो. बदल्यात मोकळी जागा, फळबाग आणि कॉलेजचा स्वतःचा स्विमिंग पूल. पूलमधून गेली म्हणणाऱ्या नातेवाईकांना तोच फोटो पाठवा :)

कॉलेजला आत्ताच ईमेल करून विचारा की सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का आणि सामान ठेवायला जागा मिळते का. मी हे विचारलं नव्हतं, पहिल्या डिसेंबरला खोके घेऊन मित्रांची दारं ठोठावत फिरलो. आणि तिथल्या छोट्या किचनला जिप रूम म्हणतात, तिथे मिरचीची फोडणी देताना आधी खिडकी उघडायची, नाहीतर अलार्म वाजून अख्खा मजला नाइटड्रेसमध्ये खाली उभा राहतो.