ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सूर्यफुलाच्या बियांसारखं सर्पिल कसं करावं, तेही खेड्यातल्या जुन्या लॅपटॉपवर?

हाताने एकेक गोळा लावू नका, जॉमेट्री नोड्स (ठोकळे जोडून आकार बनवायची ब्लेंडरमधली सोय) वापरा. ‘पॉइंट्स’ नोडमध्ये काउंट 800 ठेवा. प्रत्येक बिंदूचा इंडेक्स, म्हणजे अनुक्रमांक, n धरला, तर कोन = n × 2.39996 आणि त्रिज्या = 0.1 × √n. मग x = त्रिज्या × कोसाइन(कोन), y = त्रिज्या × साइन(कोन), z = −0.001 × n. याने छान घुमट येतो. हे ‘सेट पोझिशन’ला जोडा आणि ‘इन्स्टन्स ऑन पॉइंट्स’ने 0.08 त्रिज्येचा आयको स्फिअर (त्रिकोणी तुकड्यांचा गोळा) प्रत्येक बिंदूवर बसवा.

बहुतेकांचं बिघडतं ते कोनात. सुवर्णकोन, म्हणजे लागोपाठच्या दोन बियांमधला कोन, 137.508 अंश असतो, पण मॅथ नोडचे साइन-कोसाइन रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) घेतात; वरचा 2.39996 हा तोच कोन रेडियनमध्ये आहे. अंशातला आकडा टाकला की नक्षी पार विस्कटते. वर्गमूळ विसरलात तर मधात दाटी अन् कडेला विरळ. ‘रियलाइझ इन्स्टन्सेस’ (प्रत्येक नकलेचा खरा गोळा बनवणारा नोड) टाळा, कमी रॅममध्ये तेच जड जातं.

विदर्भातल्या गावात लाइन कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून अ‍ॅनिमेशन थेट व्हिडिओत नको, पीएनजी फ्रेम्समध्ये, म्हणजे सुट्या चित्रांमध्ये, काढा आणि ‘ओव्हरराइट’ बंद ठेवा. लाइन आल्यावर शेवटची अर्धवट फ्रेम डिलीट करून रेंडर पुन्हा लावला, की तिथूनच पुढे चालतो.